एक बाही कोटात

बार्न्सलीत, चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये,
गुरुवारी सहाला हीटर खोकत सुरू होतो
आणि मेव्हिस हेपवर्थ, वय अठ्ठ्याहत्तर,
फळ्यावर लिहिते: स्टॉप, हॉल्ट, सीझ, क्विट.
म्हणते, सख्ख्या बहिणी समजा,
पण एकीचा झगा दुसरीला होत नाही.

स्टॉप कशालाही चालतो, मिठासारखा.
बस, नळ, घड्याळ,
रडणारं मूल, नाकातलं रक्त.
हॉल्ट मात्र बूट घालून येतो,
हे ती सांगेपर्यंत
तेस्फालेमचे दोन्ही हात टेबलावर आले होते,
तळवे वर, बोटं सुटी.
त्याचे त्यालाही कळले नसावेत.
कुणी काही बोललं नाही.
मेव्हिसने तो शब्द पुसला.
फळ्यावर त्याचा पांढुरका डाग राहिला, तासभर.

सीझ कागदावरच राहतो, ती म्हणाली,
करारात, नोटिशीत. जिभेवर कुणी घेत नाही.
ओरिस्याने विचारलं,
आणि त्याच्यापुढे फायर लावलं तर?
तर गोळ्या थांबतात.
किती वेळ?
मेव्हिसने पुस्तक उलटं केलं, सुलटं केलं.
मागच्या पानावर उत्तरं होती,
पण ती दुसऱ्या प्रश्नांची.

मग एक गंमत.
ही स्टॉप्ड स्मोकिंग: ओढायचं थांबला.
ही स्टॉप्ड टू स्मोक: ओढायला थांबला.
एवढ्याशा प्रत्ययाने
एकाची छाती मोकळी होते, दुसऱ्याची भरते.
रेबवार, ज्याच्या नावाचा अर्थच वाटसरू,
म्हणाला, डॉक्टर पहिलं सांगतो,
मला दुसरं ऐकू येतं.
तेस्फालेमसुद्धा हसला. हात खिशात गेले.

क्विटवर ती जरा अडखळली.
क्विट म्हणजे आपण होऊन सोडणं, ती म्हणाली,
माझ्या क्लिफर्डने काही क्विट केलं नाही.
पत्र आलं: अमुक तारखेपासून
कोळसा काढणं सीझ होईल.
इथले लोक म्हणाले, क्लिफला फिनिश केलं.
हा पाचवा शब्द, लिहून घ्या.
खाणीवरचं चाक थांबलं तेव्हा आवाज झाला नाही,
होता तो गेला.
तीस वर्षं त्या घरघरीत झोपलेला माणूस
त्या रात्रीपासून जागा.
पहाटे चारला उठून किटली चढवायचा,
उकळायच्या आधीच बंद करायचा.

खडूची पूड तिने स्कर्टला पुसली.
गृहपाठ: प्रत्येक शब्दाचं एक वाक्य,
स्वतःचं, फार दुःखी नको.

खुर्च्या भिंतीला लागल्या.
ओरिस्याने एका बाहीत हात घातला होता,
पर्समध्ये गृहखात्याचं पाकीट, तीन दिवस न फोडलेलं.
मेव्हिस चहाचं भांडं घेऊन आली
आणि घरच्या बोलीत, सहज, विचारलं:
आर यू स्टॉपिंग, लव्ह?

नाही, नाही, ओरिस्या घाईने म्हणाली,
मी सोडत नाही वर्ग,
येईन, पुढच्या गुरुवारी, त्याच्या पुढच्याही,
फक्त बस चुकते म्हणून कधीकधी...

मेव्हिसला आधी कळेना.
मग ती इतकी हसली की बिस्किटं घसरली.
अगं, आमच्याकडे स्टॉपिंग म्हणजे राहणं.
चहाला. रात्रीला.
माझी आई लग्न होऊन इथे आली,
शेजारणीने दारातच विचारलं होतं, स्टॉपिंग?
आणि ती साठ वर्षं स्टॉप झाली.

हे पुस्तकात नाही, ओरिस्या म्हणाली.
नाही, मेव्हिस म्हणाली, पुस्तक लंडनचं आहे.

बाहेर आठची बस आली, दार उघडलं,
थोडी थांबली,
कोणत्या अर्थाने ते बसलाच ठाऊक,
आणि निघून गेली.

ओरिस्याने कप दोन्ही हातांनी धरला.
एक बाही अजून कोटात,
दुसरी खुर्चीवरून
जमिनीला टेकलेली.